लटारूचा अंतर्गळ आणि हत्यारांची फळी

वस्तू जिथून घेतली तिथेच परत ठेवावी, एवढं लहान मुलाला शिकवायला एक पावसाळा पुरतो. मोठ्या माणसाला शिकवायला किती लागतो ते मला सांगता येणार नाही, कारण ते शिकलेलं मोठं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तरीही आमच्या पिपरटोल्याच्या दवाखान्यात मी तो प्रयत्न केला. त्यात गावाचा दसरा जागचा सरकला, माझी ओसरी डांबराने माखली आणि नाकेदाराने मला रामराम करणं सोडलं. हे सगळं एका माणसाचं आतडं जागेवर बसावं म्हणून.

तो माणूस म्हणजे माझा शेजारी लटारू. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये फक्त तुराट्यांचा कुड आहे, त्यामुळे त्याचं दुखणं मला त्याच्याआधी कळायचं. त्याला अंतर्गळ होता. जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, निजलं की आत जायची, ओझं उचललं की बाहेर यायची. लटारू ती दुपट्ट्याच्या घडीने दाबून वरून धोतर आवळायचा आणि कामाला लागायचा. आता धान पोटरीत आलं होतं. कापणी तोंडावर होती.

"गुरुजी, पेंढ्या उचलतानी हे बाहेर येऊन अडकलं तं?" त्याने मला एकदा कुडावरून विचारलं.

"अडकलं तर जिवाला धोका आहे. डॉक्टर म्हणतात तसं आधीच कापून शिवून घे."

"मी तं तयार हावो. डॉक्टरच तयार नाई न जी."

हे खरं होतं. आमचे डॉक्टर आकरे नागपूरचे, तरुण आणि हाताचे चांगले. त्यांनी लटारूला एकदा टेबलावर घेतलंही होतं. पण ऐन वेळी रक्त थांबवायचा चिमटा सापडेना. दवाखान्याची सगळी हत्यारं एका पत्र्याच्या पेटीत असत. कंपाउंडर जलालुद्दीनभाई त्या पेटीत खांद्यापर्यंत हात घालून म्हणत होते, "साब, अभी तो इथंच होती." एक हत्यार ओढलं की त्याच्या कड्यांत अडकून दुसरी चार बाहेर येत. डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि लटारूला उठवून घरी पाठवलं. तेव्हापासून गाव त्याच्याकडे अशा नजरेने पाहू लागलं, जशी नजर अर्ध्या वाटेतून परत आलेल्या वरातीकडे वळते.

दवाखान्याच्या सल्लागार समितीवर मी होतो. समितीने आजवर कोणालाही सल्ला दिलेला नव्हता, कारण कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी मात्र डॉक्टर आकरे माझ्या ओसरीवर येऊन बसले.

"गुरुजी, हत्यारं जागेवर लागेपर्यंत मी कोणाच्या पोटाला हात लावणार नाही. शिवून झाल्यावर एक चिमटा कमी भरला, तर तो पेटीत आहे की पोटात, हे मला कोण सांगणार?"

हा प्रश्न मला फार आवडला. चांगल्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता.

मी म्हणालो, "डॉक्टर, हे सोपं आहे. आमच्या बुनियादी शाळेत सुतारकामाचा तास असे. कानस, पटाशी, रंधा, प्रत्येकाची आकृती मी फळीवर काळ्या रंगाने काढली होती. ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या आकृतीवर. शाळा सुटताना फळीकडे नुसतं पाहायचं. जिथे काळं उघडं दिसेल, ती वस्तू कोणाच्या तरी दप्तरात आहे."

डॉक्टर उठून उभे राहिले. मग म्हणाले, "करा. फळी लागली की पहिला लटारू."

माझ्या निवृत्त आयुष्यात मला इतकं महत्त्व पुन्हा कधी आलं नाही. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं.

*

पहिली अडचण हत्यारांचीच निघाली. जी होती त्यांतली काही मोडकी होती. डॉक्टरांनी चिमट्यांची मागणी वर्षापूर्वीच नागपूरला केली होती. मध्यंतरी आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. आम्ही होतो तिथेच होतो, जिल्हा गेला. नागपूरने कळवलं की मुंबईला विचारा. मुंबईने कळवलं की सदर गाव आमच्या यादीत आढळत नाही, तरी ते नक्की कुठे आहे हे नकाशासह कळवावे. नकाशा मी स्वतः काढून पाठवला, वैनगंगा निळ्या शाईने. त्याचा परिणाम असा झाला की एक जड खोकं आलं. आत चिमटे नव्हते. मांडीचं हाड मोडलं तर आत बसवायच्या पोलादी पट्ट्या आणि त्यांचे स्क्रू होते. सोबत चिठ्ठी: उपलब्ध साठ्यातून पाठविण्यात येत आहे.

"ही पट्टी बसवायची तर मोठं ऑपरेशन लागतं," डॉक्टर म्हणाले. "इथे मला साधा चिमटा मिळत नाही." त्यांनी ते खोकं खिडकीत ठेवून दिलं. त्याकडे आमच्या बिरजू सुताराचं लक्ष गेलं, ते पुढे येईलच.

दुसरी अडचण फळीची. आमच्या दारातून सागाचं रान दिसतं. दिसणाऱ्या सागाची फळी मिळवायला मात्र जंगल खात्याच्या नाक्यावर जावं लागतं. नाकेदार माझा जुना विद्यार्थी. त्याने आदराने खाट टाकली, चहा दिला आणि छापील कागद पुढे ओढला.

"गुरुजी, लाकूड कशाकरता? नांगर-बखर, घरदुरुस्ती, लग्नाचा मांडव का सरण?"

"दवाखान्याची फळी."

"तसा रकानाच नाई जी."

"मग नवीन रकाना पाड."

"मी पाडला तं मले पाडतीन. सरणात टाकतो. सरणाले कोनी नाई म्हनत नाई, साहेब डोये मिटून सही करते."

"अरे, सरणाला सागवान?"

"मेलेल्याची हौस म्हना. कोनासाठी हाये फळी?"

मी शिक्षक माणूस. विचारलं की खरं सांगायची सवय. "लटारूसाठी," मी म्हणालो. त्याने लिहून घेतलं. त्याने नेमकं काय लिहून घेतलं, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही.

बैलगाडीवर फळी घालून मी गावात शिरलो तेव्हा लटारूची बायको रंभा कुडाशी उभी होती. बातमी माझ्या बैलांपेक्षा चपळ होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "माह्या धन्याचं लाकूड आनलं म्हंतेत तुमी. तो जेवून राह्यला अजून."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. आकृती, रकाने, राज्यपुनर्रचना, सगळं. समजावताना माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला, आणि ज्याचं म्हणणं खरं आहे त्याचा आवाज इतका चढत नाही असं तिला वाटलं असावं. ती आत गेली. लटारू मात्र बाहेर आला, फळीच्या शेजारी आडवा झाला, डोकं एका टोकाला लावून पाय कुठपर्यंत पोचतात ते त्याने पाहिलं, आणि उठून म्हणाला, "नाई, मी मावत नाई. दवाखान्याचीच हाये."

लटारूचा हा गुण मला नेहमी आवडत आला आहे. तो पुरावा पाहून मत ठरवतो.

*

बिरजूने फळीचे दोन भाग केले, म्हणजे भिंतीवर टांगून पुस्तकासारखी मिटता येईल. बिजागऱ्या घट्ट बसल्या. "स्क्रू कुठून आणलेस?" मी विचारलं. "दवाखान्यातून. खिडकीत होते न जी, काई कामाचे नाई म्हने डॉक्टरसाहेब. अस्सल हायेत, जंगच नाई खात." माणसाच्या मांडीसाठी विलायतेत घडवलेले स्क्रू सागवानात शिरले होते. काढायला जावं तर फळी फुटली असती. आपण याविषयी काही बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं, म्हणजे मी ठरवलं. बिरजूने ते सगळ्या गावाला अभिमानाने सांगितलं.

आकृत्या काढायला हत्यारं माझ्या घरी आणावी लागली. डॉक्टर सभेसाठी चांद्याला गेलेले. जलालुद्दीनभाईंनी पेटी माझ्या ओसरीवर ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, आपके भरोसे. साब नवमीला वापस आते हैं. एक भी गुम हुई तो साब पहले मेरा ऑपरेशन करेंगे."

निवृत्तीनंतरही दुपारी माझ्या ओसरीवर मुलं जमतात. पाढे, श्लोक, थोडी चित्रकला असं चालतं. मी विचार केला, एवढ्या सुंदर आकृत्या परत कधी मिळणार? प्रत्येकाच्या पाटीवर एकेक हत्यार ठेवलं आणि भोवती रेघ ओढायला लावली. नावं परदेशी, मुलांच्या तोंडात बसेनात. म्हणून मुलांनीच नावं दिली. लांब वाकड्या चोचीचा चिमटा तो बगळा. दातेरी तोंडाचा आखूड चिमटा तो खेकडा. जखमेच्या कडा ओढून धरायचं आकड्यासारखं हत्यार ती धामण, कारण ते पाहून एका मुलीला धामण आठवली. दोन दिवसांत गावातलं कोणतंही पोर डोळे मिटून बगळा कोणता, खेकडा कोणता सांगू लागलं. शिक्षणाने माझं मन इतकं भरून आलं की रंगाचं मी विसरूनच गेलो.

काळा रंग गावात मिळेना. डांबर होतं, तेच फासलं. त्याने आकृत्या सुबक आल्या, पण हवेत ओल होती आणि डांबर वाळेना. ते वाळेपर्यंत हत्यारं फळीवर टांगता येईनात. फळी ओसरीला टेकून राहिली, हत्यारं पेटीत, पेटी घरात. आणि खंडेनवमी आली.

*

आता आमच्या गावची रीत सांगितली पाहिजे. खंडेनवमीला आमच्याकडे घरोघरचं लोखंड मारुतीच्या पारावर येतं. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, बिरजूची करवत, जलालुद्दीनभाईंचा भाऊ कय्यूम शिंपी याची कात्रीसुद्धा. हळद-कुंकू लागतं, झेंडूच्या माळा पडतात. आणि एकदा पुजलेलं लोखंड दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत कोणी हलवायचं नाही. हलवलं तर त्या साली कोणाचा तरी बैल जातो किंवा माणूस, असं म्हणतात. मी विज्ञान शिकवलेलं असलं तरी नवमीला माझा अडकित्ताही पारावर जातो. अडकित्त्याने विज्ञानाचं काही बिघडत नाही.

सकाळी माझी बायको वच्छला म्हणाली, "घरात पेटीभर लोखंड हाये नि पूजा नाई म्हंजे काय? त्याईनं मानसं वाचवाची हायेत."

"ती सरकारी हत्यारं आहेत."

"सरकार का देव नाई पूजत?"

सरकारी कचेरीतली देवाची तसबीर मला आठवली. शिवाय पारावरच्या पूजेत दवाखानाही यावा, गावाला त्याच्याविषयी आपलेपणा वाटावा, हा विचार माझ्या मनात आला आणि तो मला उदात्त वाटला. जलालुद्दीनभाई मान हलवत होते, पण मीच पेटी उचलली म्हटल्यावर त्यांनी दुसरी कडी धरली. मी हत्यारं पारावर स्वतः मांडली. मुलांनी नावं घेत घेत लोकांना ओळख करून दिली. म्हातारा मुखरू, जो पूजेचा मानकरी, त्याने बगळ्यालाही हळदीचं बोट लावलं. मी छोटंसं भाषण केलं. लोक ऐकत होते. फार दिवसांनी कोणी ऐकत होतं.

त्याच दुपारी लटारूने बैलाच्या गोठ्यात दगड सारायला जोर लावला.

रंभाचा आवाज मला कुडापलीकडून आला, आणि त्यात शब्द नव्हते. मी गेलो तेव्हा लटारू जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. गाठ लिंबाएवढी नव्हती, मुठीएवढी होती, दगडासारखी कडक, आणि आत जात नव्हती. त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. खाटेवर घालून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. चांद्याची मोटार नुकतीच येऊन पुढे गेली होती. तिने डॉक्टरांना दारात उतरवलं होतं. त्यांच्या हातात अजून थैली होती. त्यांनी लटारूच्या पोटाला हात लावला आणि थैली खाली टाकली.

"आतडं अडकलंय. संध्याकाळपर्यंत काळं पडेल, मग काही उपाय नाही. जलाल, पाणी उकळा. हत्यारं काढा."

जलालुद्दीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"साब," ते म्हणाले, "हत्यारं मारुती के पास है."

*

 डॉक्टरांनी मला दाराकडे बोट दाखवलं. या बोटाचा अपमान मी आयुष्यभर विसरणार नाही, पण तेव्हा त्याचा विचार करायला वेळ नव्हता. मी धावलो. माझ्या वयाला न शोभेल असा धावलो.

पारावर मुखरू सावलीत बसला होता. भोवती पुरुष सुपारी कातरत होते, अर्थात दातांनी.

"मुखरूबाबा, दवाखान्याची हत्यारं उचलायची आहेत. लटारू मरतो आहे."

सगळे उठून उभे राहिले. पण पुढे कोणी आलं नाही.

"गुरुजी, तुमीच ठेवले न," बिरजू म्हणाला.

"हो, मीच ठेवली, मीच उचलतो."

"एक उचललं म्हंजे सगळी पूजा मोडली. माह्या घरी बायको दिवस मोजून राह्यली, गुरुजी. पयलं लेकरू हाये."

कोणी म्हणालं, मागे एकाने कुऱ्हाड उचलली होती आणि त्याच साली त्याच्या पोराला साप चावला. मी त्यांना योगायोग आणि कारण यातला फरक समजावू लागलो. सुरुवात बरी झाली होती, पण माणसं माझ्याकडे शाळा सुटायची वाट पाहणाऱ्या मुलांसारखी पाहू लागली. ती भीत होती. भिणाऱ्या माणसाला शिकवता येत नाही, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. बायकोचं पहिलं बाळंतपण असलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

तेवढ्यात रंभा आली. ती धावत आली नव्हती, चालत आली होती. ती पाराच्या पायरीशी थांबली आणि तिने विळ्यांच्या ओळीत एका विळ्याकडे बोट केलं. त्याला हात लावला नाही.

"हा माह्या धन्याचा विळा होय," ती म्हणाली. "उद्या शिलंगण झालं का समदे आपआपला उचलान. ह्याले कोन उचलन, तेवढं सांगून द्या. मंग मी जातो."

 झेंडूवर माश्या घोंगावत होत्या.

मुखरू उठला. त्याचे गुडघे वाजलेले सगळ्यांना ऐकू आले. "गुरुजी," तो म्हणाला, "दशमी कधी लागते?"

पंचांग माझ्याकडे असतं आणि तिथ्या मला पाठ असतात. एका शब्दात मी त्या वेळी हे प्रकरण मिटवू शकलो असतो. 'लागली' म्हणायचा अवकाश होता. पण ओसरीवरची सगळी पोरं माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती.

"उद्या सकाळी," मी म्हणालो.

मुखरूने मान डोलावली. "मंग उद्याचा दसरा आज करू."

"असं कसं बाबा?" बिरजू म्हणाला. "देव काय म्हनन?"

"देवाले लाख गावं हायेत रे. तो का आपलाच दसरा पाहाले बसला हाये? उत्तरपूजा करू, शिलंगण करू, सोनं देऊ. रीतीनं करू, मोडाचं काईच नाई. फक्त लवकर करू. चला, शिवेवर!"

असा दसरा मी पाहिला नाही. डफडेवाला दुसऱ्या गावी गेला होता, म्हणून पोरांनी दवाखान्याचं वाटोळं भांडं बडवलं. मुखरूला दोघांनी खांद्यावर घेतलं आणि सारं गाव शिवेकडे पळत सुटलं. म्हातारी माणसं काठ्या टेकत पळत होती. शिव ओलांडली, आपट्याला हात जोडले, पानं ओरबाडली आणि तोंड फिरवून परत पळत निघालो. वाटेतच लोक एकमेकांना सोनं देत होते, धापा टाकत, न थांबता. "सोन्यासारखे राहा," असं म्हणायला कोणाला श्वास उरला नव्हता. नुसतं "सोन्या... सोन्या..." ऐकू येत होतं. मी त्या गर्दीत कुठेतरी माझी चप्पल गमावली. बिरजूने मला पान दिलं आणि डोळे पुसले.

पारावर परत आल्यावर मुखरूने नारळ फोडला. मग लोक आपापल्या लोखंडावर तुटून पडले आणि घोटाळा झाला. कोणाच्या हातात कोणाचा विळा, नांगराच्या फाळाखाली बगळा. तेव्हा पोरं मध्ये घुसली. "बगळा! इथी बगळा!" "धामण सापडली!" एकेक हत्यार टोपलीत पडत गेलं. टोपली घेऊन आम्ही दवाखान्याकडे पळालो. मागून कय्यूम ओरडत होता, "मेरी कैंची! ए गुरुजी, मेरी कैंची भी गई उसमें!"

डॉक्टरांनी टोपलीत पाहिलं. हत्यारं पिवळी झाली होती. कड्यांत तांदळाचे दाणे अडकले होते. एका कात्रीला निळा दोरा होता. डॉक्टरांनी ती बाजूला काढून खिडकीतून बाहेर धरली. कय्यूमने खालून घेतली. मग त्यांनी बाकीची उकळत्या पाण्यात टाकली. पाणी हळदीचं झालं. ते पाणी ओतून दुसरं घेतलं, तेही पिवळं झालं. तिसरं स्वच्छ राहिलं. लटारूचा आवाज तोवर थांबला होता, आणि ते कण्हण्यापेक्षा वाईट होतं.

*

दार बंद झालं. आम्ही बाहेर बसलो. रंभा पायरीवर, मी जरा दूर. माझ्याजवळ कोणी बसलं नाही. मी मागवली नव्हती तरी मुलांनी घरून फळी आणली होती आणि जलालुद्दीनभाईंनी ती आत घेतली होती. डांबर अजून ओलं होतं.

बराच वेळ गेला. मग दार किलकिलं झालं आणि जलालुद्दीनभाईंनी डोकं बाहेर काढलं. 

"गुरुजी, आतडं बचलं. काळं नाही झालं. पर शिवायच्या आधी साबने हत्यारं फळीवर लावून पाहिली. एक आकृती खाली है, रिकामी. आखूडवाली, दातवाली. साब पोटात हात घालून धुंडून राह्यलेत. टोपलीत आली होती का?"

मला माहीत नव्हतं. ऐन गडबडीत मोजली कोणी? पोटात आहे की पारावर, हाच तो प्रश्न, जो डॉक्टरांनी माझ्या ओसरीवर विचारला होता. आतमध्ये लटारूचं पोट उघडं होतं आणि गुंगीचं औषध संपत होतं.

मी मुलांकडे वळलो. "खेकडा कोणी टोपलीत टाकला?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीही नाही. मी पुन्हा विचारलं, सावकाश, वर्गात विचारतो तसं, एकेकाकडे पाहून. कोणीही नाही. खेकडा कोणाच्याच हाती आला नव्हता.

मग काही सांगायची गरज पडली नाही. सगळी पोरं पाराकडे उधळली. थोड्या वेळाने त्या दिशेने एकच आरोळी आली आणि गावभर पसरत आमच्यापर्यंत पोचली.

"खेकडा मारुतीच्या गळ्यात हाये!"

मारुतीची झेंडूची माळ घसरत होती, म्हणून पूजेच्या वेळी कोणीतरी ती चिमट्याने घट्ट अडकवून दिली होती. चिमट्याने आपलं काम चोख केलं होतं. देवाची माळ जराही हलली नव्हती.

मी दाराच्या फटीत तोंड घालून म्हणालो, "डॉक्टर, तुमचा चिमटा पोटात नाही. तुम्ही शिवा."

आतून फक्त "बरं" असं ऐकू आलं. रंभाने पायरीवर डोकं टेकलं.

*

नंतरचे परिणाम थोडक्यात सांगतो. हत्यारं डांबराला अशी चिकटली की डॉक्टरांना ती पटाशीने सोडवावी लागली. त्या वेळी बिजागऱ्यांचे स्क्रू त्यांच्या नजरेस पडले. ते बघतच राहिले. नाकेदाराला वरून विचारणा झाली की ज्याच्या सरणासाठी सागवान दिलं तो इसम जिवंत कसा. त्याने दिलेलं उत्तर मला कधी कळलं नाही. आसपासच्या गावांनी आमच्या नवमीच्या दसऱ्याची पुष्कळ चेष्टा केली.

दुसऱ्या दिवशी खरी दशमी उजाडली तेव्हा आमच्या गावाला करायला काही नव्हतं. लोक ओसऱ्यांवर बसून होते. दुपारी लटारूला शुद्ध आली. डॉक्टरांनी मला आणि मुखरूला दारातून पाहायची परवानगी दिली. रंभा आत होती.

"गुरुजी," लटारूचा आवाज चिलटासारखा होता, "दसरा कधी हाये?"

"काल झाला."

त्याने बोटांवर तिथी मोजली. "माह्यापायी गावचा दसरा हुकला म्हना की."

"हुकला नाई," मुखरू म्हणाला. "दोनदा झाला. आज बी हाये." आणि कमरेच्या फडक्यातून आपट्याचं पान काढून तो आत पाऊल टाकू लागला.

डॉक्टर आडवे आले. "थांबा. बाहेरचं काहीही आत जायचं नाही. कालच हळद-कुंकू काढायला मला तीनदा पाणी उकळावं लागलं."

"डॉक्टरसाहेब, सोनं होय हे."

डॉक्टरांनी पान पाहिलं, मुखरूला पाहिलं, रंभाला पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "पण आधी उकळा."

जलालुद्दीनभाईंनी पान पातेल्यात टाकलं, नीट उकळलं आणि बगळ्याच्या चोचीत धरून आत नेलं. ते काळपट झालं होतं आणि चिमट्याला ओल्या चिंधीसारखं लोंबत होतं. लटारूने हात पुढे केला. पान तळव्यावर पसरलं.

त्याने ते उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "यंदाचं सोनं शिजवून कायले देऊन राह्यले?"

रंभाने त्याची मूठ मिटली आणि त्याला गप्प निजायला सांगितलं.